नवीन काय सापडलं?

लातूरच्या त्या क्लासमध्ये जिन्याखाली, चपलांच्या रॅकच्या वर एक फळा होता. तो मी भांडून मिळवलेला. वरच्या कडेला पेंटरकडून कायमचं लिहून घेतलं होतं, ‘नवीन काय सापडलं?’ दर सोमवारी सकाळचे तास सुरू व्हायच्या आधी मी तिथं उभी राहून खडूनं चार-पाच ओळी लिहायची. जगात कुठंतरी कुणीतरी वर्षानुवर्षं खपून काहीतरी शोधून काढलेलं असतं, ते आपल्या पोरांच्या नजरेखालून जावं, एवढंच. दूर कुठं दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली आणि त्याची थरथर इथं पृथ्वीवर मोजता आली, ते मी लिहिलं. चंद्रावरच्या कायम सावलीतल्या खड्ड्यांत बर्फ आहे, ते लिहिलं. आपल्या आतड्यातल्या जंतूंचा आपल्या मनाशी काय संबंध असतो ते शोधायचं चाललंय, तेही लिहिलं. कोयनेच्या बाजूला खडकात खोल भोक पाडून भूकंप कुठून सुरू होतो ते बघायचं काम सुरू झालं, तेव्हा तर मी रंगीत खडू काढले होते.

पोरं यायची, चपला काढायची आणि फळ्याकडं पाठ करून वर जायची. एखादा थांबलाच तर विचारायचा की मॅडम, हे परीक्षेला येतं का? नाही म्हटलं की चालला. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. राग पोरांचा नाही यायचा. पोरं बिचारी सोळा वर्षांची, त्यांना जे दाखवाल ते बघणार. राग आमचा यायचा. अख्खं शहर विज्ञानाच्या नावावर जेवतं, मेसवाले, होस्टेलवाले, झेरॉक्सवाले, रिक्षावाले आणि आम्ही मास्तर लोक. आणि त्या विज्ञानात काल काय घडलं ते कुणाला ऐकायचं नाही. मी जीवशास्त्र शिकवायची. एकदा एका धड्यातली गोष्ट आता जुनी झाली, नवीन संशोधन वेगळं सांगतं, असं मी वर्गात बोलले, तर संध्याकाळी दोन पालक तक्रार घेऊन हजर. म्हणे मॅडम पोरांना गोंधळात टाकून राहिल्या.

त्या फळ्यावरचं उतरवून घेणारी एकच पोरगी होती. काळीसावळी, घट्ट दोन वेण्या, बोलायला कमी. दर सोमवारी ती रॅकच्या बाजूला उकिडवी बसून वहीत शब्द न् शब्द लिहून घ्यायची. मग ती वही घेऊन स्टाफरूममध्ये यायची आणि म्हणायची की मॅडम, बरोबर उतरवलंय का बघा आणि सही करा. पहिल्यांदा मला बरं वाटलं. चौथ्या-पाचव्या वेळेला वैताग आला. डबा खायला बसावं तर ही वही घेऊन उभी. एकदा मी तिला झापलंच, की अगं चार ओळी आहेत, त्यात चुकण्यासारखं काय आहे? ती खाली बघत म्हणाली की आईनं सांगितलंय, फळ्यावरचं उतरवलं की आधी मॅडमला दाखवायचं, त्यांची सही घ्यायची आणि मगच घरी वाचायचं. मला वाटलं, आई भलतीच काटेकोर दिसते. सही केली आणि डबा उघडला.

पोरगी किल्लारीकडची होती, भूकंपानंतर सरकारनं नव्या जागेवर बांधून दिलेल्या एका गावची. एवढं फॉर्मवरून माहीत होतं. गावाचं नाव मी वाचलं नव्हतं. त्या बाजूची पोरं आली की मी गाव विचारत नसे. का विचारत नसे ते पुढं येईलच, मला काही आता लपवायचं नाही.

तर परीक्षा. दहावीनंतर पोरं यायची त्यांची सुट्टीतच थोडी तयारी करून घेऊन आमच्याकडं एक चाळणी परीक्षा व्हायची. त्यावरून पहिली बॅच आणि दुसरी बॅच ठरायची. पहिल्या बॅचला चांगले शिक्षक, रोजचा सराव, शंका विचारायला वेगळा तास. दुसऱ्या बॅचला उरलेसुरले शिक्षक आणि भरलेला हॉल. तोंडानं कुणी म्हणत नसे, पण डॉक्टर व्हायचं ते पहिल्या बॅचनं आणि फी भरायची ती दुसऱ्या बॅचनं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या पोरीचं अख्खं घर तिच्या पहिल्या बॅचकडं डोळे लावून बसलेलं. तिला तीन मार्क कमी पडले.

ती पेपर घेऊन माझ्याकडं आली. सदतिसाव्या प्रश्नावर बोट ठेवलं. सामान्य ज्ञानाच्या भागातला प्रश्न असा होता : भारतातील कोणता भूभाग भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित मानला जातो? पर्याय हिमालयाचा पायथा, कच्छ, दख्खनचे पठार, यांपैकी एकही नाही. पोरीनं शेवटचा गोल काळा केला होता. आमच्या उत्तरतालिकेत उत्तर होतं, दख्खनचे पठार. बरोबर उत्तराचे चार मार्क गेले आणि चुकीचा एक वजा झाला. ते पाच मिळाले असते तर ती पहिल्या बॅचला होती.

मी तो प्रश्न तीनदा वाचला. लातुरात! अहो, ज्या शहरातल्या प्रत्येक घरात भूकंपाच्या त्या पहाटेची एक तरी गोष्ट आहे, ज्या क्लासच्या खिडकीतून किल्लारीला जाणाऱ्या जीप दिसतात, त्या क्लासनं किल्लारीकडच्या पोरीला शिकवायचं की दख्खनचं पठार सुरक्षित. आणि नाही म्हणाली म्हणून तिचा मार्क कापायचा. कुणीतरी जुन्यापुराण्या प्रश्नसंचातून पानंच्या पानं उचलली होती, वर आमच्या क्लासचं नाव टाकलं होतं. वाचायची सुद्धा तसदी घेतली नव्हती. मी तिला खाली बसवलं, पाणी दिलं आणि तिचा पेपर घेऊन सरळ सरांच्या केबिनमध्ये घुसले.

सर म्हणजे क्लासचे मालक. वयानं माझ्याहून लहान, मूळचे बिलोलीकडचे, भौतिकशास्त्राला हुशार माणूस. त्यांनी पेपर बघितला, हसले. म्हणाले, राहिलंय चुकून. मी म्हटलं, मग दुरुस्त करा. त्यावर त्यांनी खुर्ची मागं घेतली आणि मला समजावून सांगायला लागले. एका प्रश्नाला हात लावला तर उद्या शंभर पालक दारात उभे राहतील. याद्या लागल्या, बॅचेस ठरल्या. शिवाय, म्हणाले, प्रश्नात ‘मानला जातो’ असं आहे. कोण मानतं ते कुठं विचारलंय? मी म्हटलं, खाली जीपवाले उभे आहेत, जा विचारून या ते काय मानतात. मग त्यांचाही आवाज चढला.

“मॅडम, परीक्षेत छापलेलं तेच खरं. तुम्ही त्या काळात शाळेवर असता तर तुम्हीसुद्धा हेच शिकवलं असतं.”

त्यांना काहीच माहीत नव्हतं, त्यांनी आपलं हवेत फेकलं. पण ते नेमकं लागलं. मी पेपर उचलला आणि बाहेर आले.

शिकवलं असतं कशाला, मी तर ते फळ्यावर लिहिलं होतं.

मी नांदेडची. भूकंपाच्या आदल्या वर्षी मला किल्लारीजवळच्या एका गावात शाळेवर नोकरी लागली. गावाचं नाव लिहीत नाही. वय तेवीस, अंगात नुसता उत्साह. शाळेच्या फाटकाशी एक फळा होता. त्यावर हेडमास्तर रोज सुविचार आणि दिनविशेष लिहायचे. मी त्याचा उजवा कोपरा मागून घेतला आणि तिथं विज्ञानवार्ता सुरू केली. रेडिओवर ऐकलेलं, पेपरात आलेलं. पोटातला अल्सर काळजीनं नाही, एका जंतूमुळं होतो असं सापडलंय, हे मी लिहिलं तेव्हा अख्ख्या गावात चर्चा झाली. गावकरी मला नांदेडच्या बाई म्हणायचे. पोरांना मी सक्त ताकीद दिली होती, विज्ञानवार्ता वहीत उतरवायची आणि घरी मोठ्यानं वाचून दाखवायची. बऱ्याच घरात दुसरं वाचणारं कुणी नव्हतं. संध्याकाळी गावातून चालत गेलं की दोन-चार घरांतून माझीच वाक्यं ऐकू यायची. मला केवढा अभिमान वाटायचा त्याचा.

मग हादरे सुरू झाले. लहान-लहान. जमिनीतून गाडी गेल्यासारखा आवाज यायचा आणि मांडणीवरची भांडी वाजायची. लोक घाबरले. तिकडची घरं म्हणजे दगड-मातीच्या हात-हात जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. लोकांना कळत होतं की हे डोक्यावर आलं तर काही खरं नाही. ते वाकळा घेऊन बाहेर झोपायला लागले, कुणी खळ्यावर, कुणी शाळेच्या पटांगणात. थंडी पडलेली. पोरं शाळेत यायची ती पेंगतच, नाहीतर यायचीच नाहीत. हेडमास्तर भले गृहस्थ होते. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले की बाई, तुमचं लोक ऐकतात, विज्ञानाच्या आधारानं काहीतरी लिहा, म्हणजे लोकांची भीती जाईल.

मी काय केलं? भूगोलाचं पुस्तक उघडलं. त्यात दिलेलंच होतं. मी फळ्याचा कोपरा स्वच्छ पुसला, भोवती खडूनं वेलबुट्टी काढली आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं : दख्खनचे पठार अतिशय प्राचीन व कठीण खडकाचे असल्याने येथे मोठा भूकंप होत नाही. सर्वांनी बिनघोर राहावे.

पुस्तकात ‘बिनघोर’ नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं.

एकाही माणसाला मी विचारलं नाही की हादरे कधी आले, किती वेळ टिकले, आधीपेक्षा वाढले की कमी झाले. समोर जमीन हलत होती आणि मी पुस्तकात बघत होते. वर मीच पोरांना निरीक्षण, प्रयोग, अनुमान असं घोकून घ्यायची. आठवडाभरात पटांगण रिकामं झालं. लोक वाकळा गुंडाळून घरात गेले. हेडमास्तरांनी माझं कौतुक केलं. ते स्वतःही माळवदाखाली झोपायला गेले. पुढं हादरे थांबल्यासारखे झाले, उन्हाळा गेला, पाऊस गेला, गणपती बसले. विसर्जनाला मी नांदेडला घरी आले होते. म्हणून मी हे लिहायला आहे.

भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी मी भावाबरोबर त्या गावाला गेले. काय बघितलं ते सांगणार नाही, ते सांगून झालंय, फोटो छापून झालेत, पुरस्कार मिळवून झालेत. हेडमास्तर गेले होते. माझ्या वर्गातली निम्मी पोरं गेली होती. मला कुणी काही विचारलं नाही. एका म्हातारीनं तर माझा हात धरून म्हटलं की बाई, तुमी वाचलाव, बरं झालं. फळा कुठं दिसला नाही. मी शोधलाही नाही.

मी ती नोकरी सोडली. पुढचं शिकले, कॉलेजवर लागले, मग क्लासेसचं पीक आलं तेव्हा लातूरला आले. आणि या सगळ्या वर्षांत ती गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. स्वतःला मात्र खूप सांगितलं. की तेव्हा पुस्तकात तसंच होतं, मोठमोठे लोकसुद्धा तसंच समजत होते, मी कोण टिकोजीराव? हे खोटंही नव्हतं. पण ते मोठमोठे लोक भूकंपानंतर यंत्रं घेऊन तिथं आले, जमिनीत भोकं पाडली, मोजमापं घेतली आणि त्यांनी स्पष्ट लिहिलं की आमची समजूत चुकीची होती, हा खडक वाटतो तसा निवांत नाही. विज्ञानातली मला आवडणारी गोष्ट खरं तर हीच आहे. तिथं माणूस उभा राहून म्हणतो की काल मी सांगितलं ते चुकीचं होतं. त्यांनी आपलं वाक्य बदललं. माझं वाक्य तसंच राहिलं, मेलेल्या माणसांच्या कानात.

आणि मी लातुरात भांडून फळा घेतला. नवीन काय सापडलं म्हणे! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, दुसरं काय.

सरांच्या केबिनमधून आले त्याच्या पुढच्या सोमवारी मी फळ्यावर सदतिसावा प्रश्न लिहिला आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं की आपल्या उत्तरतालिकेतलं उत्तर साफ चुकीचं आहे. दुपारी शिपायानं ओल्या फडक्यानं पुसलं. मंगळवारी मी परत लिहिलं. परत पुसलं. गुरुवारी तिथं फळाच नव्हता. त्या जागी मागल्या वर्षीच्या यशवंतांच्या फोटोंचा फ्लेक्स, दात काढून हसणाऱ्या पोरांचा. मी जिन्यात उभी राहून जे बोलले ते शिपाई अजून विसरला नसेल. पण खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांत मला बरं वाटत होतं. सरांची चूक चारचौघांत लिहिताना माझं अक्षर चांगलं वळणदार आलं होतं.

पोरगी दुसऱ्या बॅचलाच गेली, ते आत्ताच सांगून टाकते. तालिका काही बदलली नाही. पुढं तिनं नांदेडला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं. त्या वर्षाअखेर मी क्लास सोडला. ते सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी तिची आई आली.

मी स्टाफरूममध्ये एकटीच होते. पोरगी पुढं आली, सवयीनं वही माझ्या टेबलावर ठेवली, आणि तिच्या मागं हातात पिशवी घेतलेली, चाळिशीच्या आतली बाई. डाव्या हाताचं कोपर जरा वाकडं. तिनं दारातून माझ्याकडं बघितलं, पिशवी खाली ठेवली आणि एकदम पुढं येऊन माझ्या पायाला हात लावला. म्हणाली, “नांदेडच्या बाई! मला वळखलं न्हाई?”

त्या नावानं मला वीस-पंचवीस वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. तिनं आपलं नाव सांगितलं आणि मग मला तिचा चेहरा दिसला. सातवीतली, पहिल्या बाकावरची, विज्ञानवार्ता सगळ्यांच्या आधी उतरवून घेणारी. मी तिच्या वहीवर लाल शाईनं ‘छान’ असा शेरा द्यायची. माझ्या डोक्यात ती गेलेल्या पोरांमध्ये होती.

मला वाटलं, आता ही विचारणार. पण ती हसत होती. खुर्चीवर बसायला तयार नव्हती, बाईंच्या पुढं कसं बसायचं म्हणून. ती आली होती ती माफी मागायला. पोरीनं छापलेलं उत्तर चूक म्हटलं आणि त्यावरून क्लासमध्ये भांडण झालं, असं तिला कळलं होतं. पोरीला दोन शब्द सांगा, म्हणाली. छापलेलं कसं चुकेल? चुकलं तर आपलंच चुकतं. आणि मग पोरीला कळावं म्हणून, माझ्यासमोरच, तिनं स्वतःची गोष्ट सांगितली. अगदी साध्या आवाजात, पोराला धडा समजावून सांगावा तशी.

ती म्हणाली की हादरे यायचे तेव्हा आम्ही सगळे खळ्यावर झोपायचो. अण्णा, म्हणजे तिचे वडील, ठामच होते, घरात जायचं नाही. मग एके दिवशी तिनं शाळेतून विज्ञानवार्ता उतरवून आणली आणि अण्णांना वाचून दाखवली. अण्णांनी पुन्हा वाच म्हटलं. तिनं पुन्हा वाचली. अण्णा म्हणाले की बाईनं लिवलंय म्हंजे खरं, आणि वाकळ उचलून घरात गेले. पुढं भूकंपाच्या पहाटे अण्णा, आई आणि धाकटा भाऊ गेले. तिला दुपारी काढलं, हात मोडलेला. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये असताना चुलता एकदा तिला म्हणाला की पोरी, तूच काहीतरी चुकीचं उतरवलं असशील, एवढ्या शिकलेल्या बाई असं कशा लिहितील? चुलता ते समजूत म्हणून बोलला की रागानं, तिला अजून कळलेलं नाही. वही ढिगाऱ्यात गेली, पडताळून बघायला काही उरलं नाही. पण तिला ते पटलं. बारा वर्षांच्या पोरीला ते पटलं. तिनं कुठलातरी शब्द गाळला असणार, घाईत एखादी ओळ सोडली असणार. तेव्हापासून ती फळ्यावरचं काही उतरवायला घाबरायची, दहावीनंतर शाळाच सोडली. म्हणून पोरगी शाळेत जायला लागली तसं तिनं तिला सांगून ठेवलं होतं की नीट उतरव, दाखव, सही घे, मगच घरी वाच.

“माझ्या एका चुकीनं घर गेलं, बाई,” ती म्हणाली. “हिला तेवढं सांगा.”

पोरगी भिंतीला टेकून आईकडं बघत होती. हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं. आणि मी त्या खुर्चीवर बसून होते, माझ्याच सह्यांनी भरलेली ती वही माझ्यासमोर टेबलावर. मला माझा इतका संताप आला की टेबलाची कड धरून ठेवावी लागली. सरांवर मी ओरडले होते, शिपायावर ओरडले होते, सगळ्या लातूर शहराला नावं ठेवली होती. आणि माझी चूक पंचवीस वर्षं हिनं डोक्यावर वाहिली. मी नांदेडला बसून पुस्तकाला दोष दिला. हिच्या हातात दोष द्यायला पुस्तकही नव्हतं.

मी म्हणाले, “तू बरोबर उतरवलं होतंस. मी तसंच लिहिलं होतं.”

तिला कळलं नाही. तिनं मान हलवली, मी तिची समजूत काढून राहिले असं वाटलं असणार. मग मी ते वाक्य म्हणून दाखवलं. प्राचीन व कठीण खडकाचे. येथे मोठा भूकंप होत नाही. बिनघोर हा शब्द मी उच्चारला आणि तिचा चेहरा बदलला. तो शब्द तिला पाठ होता. तो तिनं त्या संध्याकाळी दोनदा वाचला होता.

वरच्या मजल्यावर कुणीतरी माईकवर सूत्रं सांगत होतं आणि दोनशे पोरं मागोमाग म्हणत होती. मी पुढं काहीबाही बोलायला लागले, की पुस्तकात तसं होतं, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तिनं हात वर केला. मी थांबले.

“भूकंपानंतर तुमी आलता गावाला,” ती म्हणाली. “दवाखान्याच्या तंबूपाशी उभ्या होता. मी बघितलं होतं तुमाला. तवाच का न्हाई सांगितलं?”

मी माफी मागितली असं मला आठवतं, पण ती ऐकून घेतल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही, आणि दिसायला तरी का हवं? पाया पडताना पुढं आलेली ती बाई आता दोन पावलं मागं सरकली होती. तिनं पोरीला म्हटलं की तुझं उत्तर बरोबर हाय, कुणाची माफी मागायची न्हाई. मग पुढं होऊन तिनं टेबलावरची वही ओढली, कोरं पान काढलं आणि माझ्यासमोर ठेवली.

“लिवा,” ती म्हणाली. “अन् सही करा.”

मी लिहिलं. फळ्यावर चुकीचं मी लिहिलं होतं, हिनं बरोबर उतरवून घेतलं होतं. नाव लिहिलं, सही केली, तारीख टाकली. अक्षर वळणदार आलं नाही.

तिनं वही घेतली. एकेका शब्दाखाली बोट धरून, ओठ हलवत, वाचली. परत पहिल्यापासून वाचली. वही मिटून पिशवीत घातली, पोरीचा हात धरला आणि दारापर्यंत जाऊन थांबली. माझ्याकडं वळली नाही.

“आता हे अण्णाला कोण वाचून दाखवील?”